पाहुण्यांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. नीरफणसाच्या लाकडातून मला घडवलं ते खास पाहुण्यांसाठी. सामोआतल्या आमच्या गावात बाकी सगळे चटईवर मांडी घालून बसतात. मोठ्यांसमोर पाय पसरणं म्हणजे उद्धटपणा. शहरातल्या कितीतरी साहेबांनी माझ्यावर बसून गोड गोड आश्वासनं दिली, नारळपाणी प्यायलं आणि गेले ते गेलेच. मग मी पुन्हा स्वयंपाकघरामागे धूळ खात पडायची.

गेल्या आठवड्यात डॉक्टर वाएलुआबाई आल्या. गुडघेदुखीवर व्यायाम शिकवणारा माणूस सरकार दर आठवड्याला पाठवणार होतं, पण या भागातल्या एकाच गावात. ते गाव कोणतं, हे बाई माझ्यावर बसून आमच्या गावकऱ्यांच्या बैठकीत ठरवणार होत्या. मला मात्र त्यांचं हसू जरा जास्तच वाटलं.

"इथे कुणाचे गुडघे दुखतात?" त्यांनी विचारलं.

"छे! आमचं गाव अगदी धडधाकट आहे," गावप्रमुख एलीओता म्हणाला. लबाड! आसपास कुणी नसलं की हाच गुपचूप माझ्यावर येऊन बसतो आणि कण्हतो.

बाईंनी सभोवार पाहिलं. सगळे छान मांडी घालून बसलेले. ज्यांना मांडी घालता येत नाही ते बैठकीला फिरकतच नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? एलीओताची म्हातारी आत्या मासिना बाहेर दगडावर बसून ऐकत होती. शहराच्या दवाखान्यात जायचं तर बसची पायरी तिला चढवत नव्हती. माझा जीव नुसता तुटत होता.

"मग शेजारचं गाव बघते," बाई म्हणाल्या. त्यांना निरोप द्यायला एलीओता उठू लागला, पण त्याला उठताच येईना.

"काय रे धडधाकट, हात देऊ का?" मासिना बाहेरून ओरडली.

"आत्या, पाहुण्यांसमोर काय हे!"

"पाहुण्यांसमोरच! नंतर काय समुद्रातल्या माशांना सांगू?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"दुखतात माझेही," एलीओता खाली बघत म्हणाला.

बाईंनी मला उचलून बाहेर नेलं, मासिनाला माझ्यावर बसवलं आणि स्वतः गवतावर बसल्या. ते पाहून घराघरांतून माणसं काठ्या टेकत, एकमेकांना धरत आली. बैठक तिथेच पुन्हा भरली.

"येत्या मंगळवारी माणूस पाठवते," जाताना बाई म्हणाल्या.

असं मी पुष्कळदा ऐकलंय. मासिनानेही ऐकलंय. म्हणून तिने मला आत नेऊ दिलं नाही. रस्त्याकडे तोंड करून ती माझ्यावर बसून असते. मित्रांनो, तुमच्या घरीही पाहुण्यांसाठी राखलेली खुर्ची असेल, तर तिच्यावर आधी घरातलं दुखरं माणूस बसवा.

उद्या मंगळवार आहे. बघू.