पुसलेली राणी

जे. पी. नगरच्या घरी दसऱ्यासाठी देव घासायला काढले होते. त्यांतला पूजेचा राणीछाप रुपया उचलून त्रिविक्रम म्हणाला, "वहिनी, हा मी नाण्यांच्या प्रदर्शनात ठेवणार. एक बाजू कशी कोरी आहे बघा! टांकसाळीची चूक, दुर्मिळ!"

सत्यवती स्वतः नाणी जमवणारी. तिने चिंचेचे हात धुतले आणि आपल्या संग्रहातल्या धडक्या राणीछापाशी तो रुपया छोट्या काट्यावर तोलला.

"ठसा उमटायचा राहिला असता तर वजन पुरं भरलं असतं. हा हलका आहे. आता उन्हात तिरका धर. अंबाडा पुसट दिसतोय ना? राणी छापली होती, नंतर झिजली."

"एकाच बाजूनं?"

"कुंकू एकाच बाजूला लावतो म्हणून. सासूबाईंनी, त्यांच्या सासूबाईंनी आणि मी दर सणाला ते चिंचेनं घासून काढलं."

"स्वल्प गप्प राहा की, वहिनी! झिजलेला रुपया कोण बघणार? मी टांकसाळीची चूक असंच लिहिणार."

"खबरदार! आमच्या बोटांनी पुसलेली राणी टांकसाळीच्या नावावर खपवू देणार नाही. लिहायचंच तर लिही, या घरच्या सुनांनी झिजवली."

"असं कुणी लिहितं का?"

"मग रुपया इथंच राहील." तिने चिंचेचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. "आणि दुसरी बाजू अजून शाबूत आहे. यंदापासून कुंकू त्या बाजूला. बस, घास!"