हजेरीपटातली एकेचाळीस नावं

मानमोडीच्या साथीतल्या तापातून मौला मास्तर उठले, तेव्हा जग त्यांच्यापासून दोन हात लांब सरकलं होतं. अंगणातलं कोंबडं मान ताणून चोच उघडायचं आणि त्यातून काहीच बाहेर पडायचं नाही. बायकोच्या, खैरुनबीच्या हातातली कळशी पायरीवर निसटायची, गरगरत कोपऱ्यात जायची आणि कापसावर पडल्यासारखी निवांत व्हायची. मास्तरांना वाटलं, कानात ताप साचलाय, आज ना उद्या उतरेल. तो उतरला नाही. डाव्या कानात तेवढं नदीच्या तळातून आल्यासारखं काहीतरी घुमायचं. ते माणसाचं बोलणं आहे की उसातला वारा, ते मात्र कळायचं नाही.

ही गोष्ट खैरुनबीशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. बहिरा मास्तर कोण ठेवून घेणार, या भीतीनं दोघांनी ती घरातच पुरली होती.

गडमुडशिंगीच्या पुढं, उसाच्या मळ्यांत बुडालेलं सोनसरी हे गाव. कोल्हापूरच्या दरबारानं सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि चावडीमागच्या लांबट खोलीत शाळा उघडली, तेव्हा शहरातल्या मंगळवार पेठेतलं बिऱ्हाड उचलून मास्तर इथं आले होते. पहिले सहा महिने शाळा अशी भरली की पोरं दिवस उगवायच्या आत दारात येऊन बसायची. मग मानमोडी आली. ती गेल्यालाही आता वर्ष उलटलं होतं आणि शाळेत जेमतेम अकरा पोरं उरली होती.

मास्तरांना त्याचं कोडं पडायचं. ते वेळेवर जात, फळा पुसत, धडा शिकवत. पोरांचे ओठ हलले की अंदाजानं मान डोलावत आणि शाबास म्हणत. दुपारी कौलांतून ऊन खाली उतरायचं आणि त्यात धुळीचे कण तरंगायचे. त्या सोनेरी शांततेत कधीकधी त्यांना वाटे, आपण पाण्याखाली बसून शिकवतोय, आणि समोरची पोरं म्हणजे मासे आहेत. त्यात दुःख असं नव्हतं. उलट एक गुंगी होती, आणि त्या गुंगीतून बाहेर यायचा त्यांना धीर होत नव्हता.

अशात खात्याचं पत्र आलं. शाळेची उपस्थिती तिसरा हिस्साही भरत नाही, परीक्षेचा निकाल शून्य आहे, सबब तपासणीसाठी अधिकारी येत आहेत, असा मजकूर होता.

पौषातल्या एका सकाळी, धुकं उसाच्या तुऱ्यांवर टेकलेलं असताना, घोड्यावरून खात्याचे डेप्युटी उतरले, गावच्या तोंडी रुद्रय्या दिपोटी. कागलाकडचा गडी, उंच, कपाळावर भस्माचे पट्टे. मास्तरांचं काळीज हललं ते वेगळ्याच गोष्टीनं. दिपोटींच्या मिशा एवढ्या घनदाट होत्या, की त्यांच्या मागं ओठ दिसतच नव्हते. ते बोलत होते आणि फक्त मिशा हलत होत्या. मास्तर प्रत्येक वेळी “व्हय साहेब” म्हणत राहिले. एकदा ते म्हटल्यावर पोरं एकमेकांकडं बघायला लागली; नको तिथं होकार गेला, हे मास्तरांनी ओळखलं.

मग दिपोटींनी चिमणाबाईला उठवलं. सात-आठ वर्षांची ही पोर वर्गात सर्वांत चलाख. धडा शेतकऱ्याच्या बैलाचा होता. तिनं पुस्तक डोळ्यांसमोर धरलं, ओठ झरझर हलवले, आणि मास्तर म्हणाले, “शाबास.”

बाकीच्या दहाच्या दहा पोरांनी तोंडात सदऱ्याची टोकं कोंबली. चिमणीनं धडा वाचलाच नव्हता. आजी जात्यावर म्हणायची ती ओवी तिनं म्हणून दाखवली होती. गेलं वर्षभर पोरांचा हा खेळ चालला होता. काहीही म्हणा, मास्तर शाबासच म्हणतात. खेळाचाही पुढं कंटाळा आला आणि एकेक पोर गुऱ्हाळाकडं, गुरांकडं पांगलं.

दिपोटी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी हजेरीपट मागून घेतला आणि गावात चक्कर मारायला म्हणून निघून गेले.

तिसऱ्या प्रहरी ते परतले, तेव्हा पोरं घरी गेली होती. मास्तर खोलीत एकटेच बसले होते. दिपोटी समोर मांडी घालून बसले, एक पाटी मांडीवर घेतली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: कधीपासून?

मास्तरांनी तो प्रश्न दोनदा वाचला. वर्षभरात त्यांच्याशी कुणी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं. त्यांनी पेन्सिल घेतली. त्यांनी लिहिलं: मानमोडीपासून.

दिपोटींनी हजेरीपट उघडला. पानावर एकेचाळीस नावं होती. त्यांतल्या आठांवर त्यांनी बोट ठेवत नेलं आणि पाटीवर लिहिलं: गाव म्हणतं, ही मुलं त्याच तापात गेली. नावं रोज कशी?

याचं उत्तर मास्तरांनी लिहिलं नाही. त्यांनी ते तोंडानं सांगितलं. आपला आवाज केवढा लागतोय, हे त्यांना कळत नव्हतं. बाहेर चावडीवर बसलेली माणसंही मान वळवून ऐकू लागली.

“मी रोज पुकारतो साहेब. ज्ञानू म्हणतो आणि त्याच्या जाग्याकडं बघतो. तिथं ऊन पडल्यालं असतं. जी पोरं हायती त्यांचाबी आवाज मला येत न्हाय, आणि जी न्हाईत त्यांचाबी येत न्हाय. मग कुणाचं नाव काढू?”

दाराबाहेर गुऱ्हाळाचा धूर उसावर पसरला होता आणि उकळत्या रसाचा गोड वास खोलीभर भरला होता. दिपोटींनी पाटी पुसून सावकाश लिहिलं. न लिहिलेल्या दुखण्याला खात्याकडून औषध मागता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तपासणीच्या शेरेबुकात नुसती ‘उपस्थिती कमी’ अशी ओळ गेली, तर शाळा मोडेल. खरं लिहून गेलं, तर मदत मागता येईल. पण ते खरं आधी गावाला सांगावं लागेल, आणि ते मास्तरांनीच सांगावं.

त्या संध्याकाळी मास्तर अर्ध्या ताटावरून उठले. खैरुनबीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “सांगून टाका. मीबी दमली लपवून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव चावडीपुढं जमलं. मास्तर पायरीवर उभे राहिले. समोरचे चेहरे धुक्यात अर्धे विरघळलेले. त्यांनी दोनच वाक्यांत सांगितलं, की मला ऐकू येत नाही आणि मी ते चोरून ठेवलं.

गर्दीतले ओठ भराभर हलायला लागले. मग धोंडुबाई पुढं आली, चिमणीची आजी. तिनं आपली दुसरी दोन नातवंडं शाळेतून काढून घेतली होती. ती काय बोलली ते मास्तरांना कळेना, म्हणून दिपोटींनी लिहून दाखवलं: “वाटंत रामराम घातला तर मास्तर बघत न्हाय, म्हणून आमी म्हणलं ह्याला गर्व चढला.” म्हातारीनं मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले.

दिपोटी एका दिवसासाठी आले होते, ते नऊ दिवस राहिले. सकाळी पोरांचं वाचन ते स्वतः ऐकत, दुपारी घरोघर फिरत. बारक्या पोरांना गुऱ्हाळावर धाडू नका, असं ते मराठीत सांगत आणि जिथं घरात कानडी चाले तिथं कानडीत. मास्तरांकडं त्यांनी अक्षरलेखन, नकाशा आणि गणित ठेवलं, म्हणजे जे डोळ्यांनी तपासता येतं ते सगळं. हजेरी पुकारायची पद्धत बंद झाली. पोरानं आत आल्यावर स्वतःचं नाव पाटीवर लिहायचं आणि मास्तरांच्या हातात द्यायचं, असं ठरलं. त्या आठ नावांपुढं दिपोटींनी कारण लिहिलं, तारीख घातली आणि मास्तरांना सही करायला लावली. सही करताना मास्तर रडले. कितीतरी महिन्यांत ते रडलेच नव्हते.

जाताना दिपोटींनी शेरेबुकात चार पानं भरली. शेवटी मागणी होती: वाचनासाठी दुसरी शिक्षिका द्यावी, मास्तरांना हलवू नये.

महिना गेला, दीड गेला. मास्तरांना वाटायला लागलं, तो माणूस, त्या मिशा, ते नऊ दिवस, सगळं आपल्याच गुंगीतलं असावं. मग शिमग्याच्या तोंडावर एक बैलगाडी चावडीपुढं थांबली आणि महादेवीबाई उतरल्या. तरुणपणीच विधवा झालेल्या, कोल्हापुरात शिक्षिकांच्या वर्गात शिकून आलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मास्तरांपुढं पाटी धरली: माझं गणित कच्चं आहे, शिकवाल का? मास्तर मोकळेपणानं हसले.

खोली मध्यभागी पडदा लावावा तशी आपोआप दुभागली. अलीकडं वाचनाचा गलबला, पलीकडं लेखनाची शांतता, आणि पोरं दोन्हींत पोहत फिरायची. त्यांनी मास्तरांसाठी हातांची एक बोलीच तयार केली; समजलं, नाही समजलं, पाणी प्यायला जातो, ज्ञानूच्या भावानं मला चिमटा काढला, सगळं बोटांवर. रुद्रय्या दिपोटी दर पंधरवड्याला येत. कधी नवी पुस्तकं आणत, कधी काहीच नाही, नुसते मागं बसून राहत.

परीक्षेला सव्वीस पोरं बसली, एकोणीस पास झाली. हा काही डोळे दिपवणारा निकाल नव्हता. उरलेल्या सातांतली चार पोरं दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसली. चिमणीनं बैलाचा धडा खरोखर वाचला. महादेवीबाईंनी ऐकला आणि मास्तरांनी तिच्या ओठांवर पाहिला.

पुढच्या हिवाळ्यात दिपोटींनी आसपासच्या दोन पडत्या शाळांचे मास्तर सोनसरीला धाडले. महिनाभर राहा, बघा, असं सांगून. दोघंही तरुण होते आणि आपल्याला इथं शिक्षा म्हणून पाठवलंय अशा तोऱ्यात आले होते. मौला मास्तरांनी त्यांना खुर्च्या दिल्या नाहीत. पोरांच्या रांगेत बसवलं, हातात पाटी दिली आणि नाव लिहायची खूण केली. बाहेर धुकं उतरत होतं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि शेजारच्या पोरीनं त्यांतल्या एकाला हळूच आपली पेन्सिल दिली.