नेणारं माणूस

गाडी चोरीला गेल्याची तक्रार मावशीने स्वतःच केली होती. सकाळी शटर उघडून पाहते तर तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी जागेवर नाही. तिने पोलिसांना फोन केला, वर दम भरला, "सापडला की सोडू नका त्याला!"

थोड्याच वेळात गाडी सापडली. चौकातल्या औषधाच्या दुकानात घुसलेली. काच फुटली होती, काउंटर आडवा झाला होता. माणसं मात्र वाचली. आणि स्टिअरिंगवर होती शाळेच्या गणवेशातली पंधरा वर्षांची बारकी. मावशीच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण दूरच्या शहरात रुग्णालयात नर्स होती, म्हणून पोरीला शिकायला मावशीकडे ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या न्यायमंडळापुढे सगळे उभे राहिले. खोली कसली, जुना वर्गच तो. टेबलामागे तिघं जण, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मंडळाच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "हिच्या नावावर आधीचं काही नाही. घरी पाठवू. आठवड्यातून एकदा माझ्याकडे येईल, दुकानदारांना भेटेल, नुकसान कसं भरून द्यायचं ते दोघं मिळून ठरवतील. डांबून ठेवायची काही गरज नाही."

अध्यक्षांनी मावशीकडे पाहिलं. "तुम्ही नेताय ना?"

एवढं सोपं होतं. हो म्हणायचं आणि पोरीचा हात धरून रिक्षात बसायचं. पण मागच्या खुर्चीवर मावशीकडेच गाडी शिकलेला एक गृहस्थ कुठल्याशा कामाने येऊन बसला होता, आणि तो टक लावून बघत होता. अख्ख्या गावाला शिस्त शिकवणाऱ्या मॅडम, आणि यांच्याच घरात हे! मावशीचे कान तापले.

"राहू दे तिला चार दिवस आत," ती म्हणाली. "अक्कल ठिकाणावर येईल."

बारकीने मान वर केली. रडली नाही, काही नाही. नुसतं बघितलं.

"अहो, तिथे अक्कल येत नाही," समुपदेशक बाई हळूच म्हणाल्या. पण नेणारं माणूसच नाही म्हणतंय म्हटल्यावर मंडळ तरी काय करणार? बारकी सुधारगृहात गेली.

आणि चार दिवसांचं निघालं भलतंच. पुढच्या तारखेला मंडळाचे एक सदस्य आले नाहीत. त्याच्या पुढच्या तारखेला मुलींना आणायला गाडीच नव्हती. दरम्यान बहिणीचा फोन आला की मावशी ठोकून द्यायची, "मैत्रिणीकडे गेलीय गं अभ्यासाला." खोटं बोलताना तिची जीभ अडखळायची, मग ती गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवायची.

शेवटी धीर करून ती भेटायला गेली. लांबलचक खोली, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, फिनेलचा भपकारा. बारकीचे केस कानापर्यंत कापले होते. उवा झाल्या म्हणून सगळ्यांचेच कापले, असं तिने सांगितलं.

"काही हवंय का तुला?"

"नको."

मग बारकी आपणहून म्हणाली, "माझ्या शेजारच्या गादीवर एक मुलगी आहे. तिलाही घरी सोडणार होते. पण तिला न्यायला कुणीच नाही. मला विचारत होती, तुला आहे का कुणी. मी नाही म्हटलं."

मावशीला वाटलं, आत्ताच्या आत्ता धरणीने पोटात घ्यावं. ती तिथून निघाली ती थेट रस्त्यावर येऊन थांबली आणि तिथेच, गाड्यांच्या गोंगाटात, बहिणीला फोन लावून सगळं सांगून टाकलं. बहीण म्हणाली, "पोलिसांनी ठेवलं असतं तर मी समजू शकले असते, ताई." आणि फोन बंद.

पुढच्या तारखेला अध्यक्षांनी विचारलं, "आता का न्यायचंय? सुधारली असं वाटतं का?"

मावशी उभी राहिली. शेकडो माणसांना मोठ्या आवाजात 'ब्रेक दाबा' म्हणणारी बाई आज हळू आवाजात बोलली. "साहेब, अक्कल यावी म्हणून म्हणाले ते खोटं होतं. मला लोकांची लाज वाटली. माझी लाज झाकायला मी पोर आत टाकली."

बारकी खिडकीबाहेर बघत राहिली.

त्याच दिवशी तिला सोडलं. दोन दिवसांनी समुपदेशक बाईंच्या खोलीत औषधवाले काका आले, बहीणही रजा काढून आली. काका मुळात चिडलेले होते, पण वेगळ्याच कारणाने. "पोरीला आत टाका असं मी कधी म्हणालो? मला कुणी विचारलं तरी का?" मग ते बारकीकडे वळले. "पण काय गं, एवढी सुसाट निघाली होतीस कुठे?"

"आईकडे," बारकी म्हणाली. "तिने फोनवर सांगितलं, सुट्टीलाही येणं जमणार नाही म्हणून."

पोलीस ठाण्यात, मंडळापुढे, भेटीच्या खोलीत, इतक्या दिवसांत हा साधा प्रश्न मावशीला एकदाही सुचला नव्हता.

ठरलं असं, की शाळा सुटल्यावर बारकीने काकांच्या दुकानात बसायचं आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे औषधं पोचवायची. वर्ष संपेपर्यंत तिने ते केलं, एकही खाडा न करता. घरी मात्र पाणी प्यायला उठतानाही ती विचारायची, "जाऊ का?" मावशी म्हणायची, "अगं, विचारतेस काय? घर तुझंच आहे." बारकी मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

परीक्षा झाल्यावर बहीण तिला घेऊन गेली. निघताना बारकी मावशीच्या पाया पडली, अगदी रीतसर, परक्या बाईच्या पडावं तशी.

आता ती दर रविवारी फोन करते, पण औषधवाल्या काकांना. डोकं दुखत नसलं तरी मावशी सोमवारी त्यांच्या दुकानात गोळी मागायला जाते. काका गोळी पुढे करतात आणि तिने न विचारताच सांगतात, "बरी आहे. अभ्यास चाललाय." मावशी मान खाली घालून सुटे पैसे शोधत राहते.