पाऊल वळवणारी पाचर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाचर आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. लोक एकमेकांच्या कामात मारतात ती पाचर मी नव्हे. मी हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत राहते. एका सुताराने मला तासून गुळगुळीत केलं, वर रेक्झिन चढवलं आणि तेव्हापासून माझं काम एकच: घोटा मोडलेल्या माणसाचं पाऊल थोडंसं आत वळवून धरायचं.

एवढं कशाला, असं वाटेल तुम्हाला. अहो, घोट्याचा फोटो सरळ समोरून काढला की हाडावर हाड येतं आणि सांध्यातली फट झाकली जाते. पाऊल आत वळवलं की ती नीट दिसते. फट सगळीकडे सारखी असेल तर बहुतेक वेळा प्लास्टरवर भागतं. एका बाजूला उघडली असेल तर फ्रॅक्चर अवघड, ऑपरेशनचं. म्हणून समोरून, बाजूने आणि मला लावून, असे तीन फोटो लागतात.

पण मोडलेलं पाऊल वळवायचं म्हणजे जीव जातो हो! मी दिसले की भलेभले ओरडत. आमच्या फोटो काढणाऱ्या ताई मात्र खमक्या. "एक मिनिट सोसा, जन्मभर चालायचंय ना?" असं म्हणत त्या मला सरकवत. त्यांच्या फोटोत कधी खोट निघाली नाही.

एके दिवशी स्ट्रेचरवरून त्यांची आईच आली. ती पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर कपडे शिवायची. जिन्यावरून घसरून घोटा टम्म सुजला होता. दोन फोटो झाले. ताईंनी मला उचललं, तशी आई कळवळली, "नको गं बाई, हात जोडते तुला."

ताईंनी मला परत फळीवर ठेवून दिलं. मी पडले लाकूड, ओरडणार कशी?

"तिसरा फोटो?" डॉक्टरांनी विचारलं.

"फार दुखतंय हो तिला. दोनांवर नाही का भागणार?"

डॉक्टरांनी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. "तसं साधंच दिसतंय. घालू प्लास्टर."

प्लास्टर निघालं, पण सूज उतरेना, पाऊल टेकवेना. या वेळी ताईंनी मला लावलं. फोटोत आतल्या बाजूची फट आ वासून बसली होती.

"हे तेव्हाच ऑपरेशनचं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "चूक माझीही आहे. आता काही केलं तरी पाय पूर्वीसारखा होणार नाही."

"मशीन चालवता येईल ना?" आईने विचारलं. डॉक्टरांनी फोटो पाकिटात सरकवला.

डॉक्टर गेल्यावर ताई रडू लागल्या. "आई, मी तेव्हा पाऊल वळवायला हवं होतं गं."

"वेडी कुठली! मीच नको म्हटलं ना?" म्हणत आईने त्यांचे डोळे पुसले. त्यावर ताई जास्तच रडल्या. मलाही फार वाईट वाटलं. पुढे ते शिलाई मशीन विकलं, असं मी ताईंच्याच तोंडून ऐकलं.

आता माझं रेक्झिन फाटलंय. अवघड घोटे शेजारच्या खोलीत सीटी स्कॅनला जातात. तरी त्याआधीचा तिसरा फोटो ताई माझ्याशिवाय काढत नाहीत.

मित्रांनो, दुखतं म्हणून तपासणी अर्धी सोडू नका, आणि तुमच्या भल्यासाठी दुखवणाऱ्या माणसाला वाटेल तसं बोलू नका. परवा एक बाई मला पाहून ताईंवर खेकसली, "तुम्हाला आईबाप आहेत की नाहीत?"

"आहे हो, आई आहे. लंगडत चालते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी तिचं पाऊल आत वळवलं.