केझियाचा खरा पत्ता

माझ्या पोटातला दिवा चार वर्षांपूर्वी गेला, तरी दूध मी नासू देत नाही. मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. ओहायोतल्या टोलिडो शहरात, अर्नेस्टीन प्रुइटच्या स्वयंपाकघरात मला एकोणीस वर्षं झाली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. तिचा भाऊ वारला आणि त्याची मुलगी केझिया इथे राहायला आली. तेव्हापासून माझं दार म्हणजे त्या मुलीचं दप्तरच झालं. शाळेची पत्रं, तिथल्या वाद्यवृंदाच्या सरावाचं वेळापत्रक, चित्रं, तिच्या दम्याच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सगळं चुंबकाखाली. पाहुणे आधी माझ्या दाराचं कौतुक करत, मग जेवायला बसत.

मार्चमध्ये शेजारचे निवृत्त पोस्टमन टॉलिव्हर यांनी आमच्या टेबलाशी बसून अर्नेस्टीनचा कराचा अर्ज ऑनलाइन भरला. ‘माझ्यावर अवलंबून’ या रकान्यात केझियाचं नाव लिहिलं; मुलाला सांभाळणाऱ्या एकालाच त्या नावावर कर खात्याकडून पैसे परत मिळतात. दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि टोपी न काढताच म्हणाले, “अर्ज फेटाळला गं. पोरीचं नाव आधीच कुणीतरी स्वतःच्या अर्जात लावलंय.”

अर्नेस्टीनने कप खाली ठेवला. “कुणी?”

“ते सांगत नाहीत.”

तिने माझ्या दारावरचा शाळेचा कागद ओढला. केझियाच्या नावाखाली पत्ता होता अर्नेस्टीनच्या धाकट्या बहिणीचा, व्हर्लीनचा. चांगल्या शाळेत फक्त तिच्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना प्रवेश मिळे, आणि त्या हद्दीत घर व्हर्लीनचं होतं. प्रवेशाच्या वेळी तो पत्ता अर्नेस्टीननेच लिहिला होता. मी तो कागद दीड वर्ष मिरवला, पण वाचला नव्हता.

तिने फोन लावला. “व्हर्लीन, तू केलंस हे?”

“ताई, पत्ता तूच दिलास ना? अर्ज भरणाऱ्या बाईने शाळेचे कागद बघितले, मी हो म्हटलं. आलेल्या पैशांत माझ्या घराचं छप्पर दुरुस्त झालंसुद्धा.”

“पोरगी जेवते माझ्याकडे!”

“कागदावर माझ्याकडे जेवते.”

अर्नेस्टीनने फोन ठेवला.

टॉलिव्हर म्हणाले, “टपालाने अर्ज पाठवू. दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर हाच पत्ता आहे, वर्षभराच्या आहेत. पण कर खातं तुम्हा दोघी बहिणींचे कागद समोरासमोर ठेवेल. शाळेतला पत्ता आधी खरा कर.”

“मग शाळा सुटेल हिची.”

केझिया दारात उभी होती. “आत्या, मी व्हर्लीन आत्याकडे राहते असं कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल का?”

अर्नेस्टीनने शाळेचा कागद टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, “नाही. तू इथे राहतेस.”

सोमवारी ती शाळेत जाऊन खरं सांगून आली. केझिया आता कोपऱ्यावरच्या शाळेत जाते. तिथे वाद्यवृंद नाही, आणि तिचं वाजवणं थांबलंय. कर खात्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बहिणी बोलत नाहीत.

मित्रांनो, मी भाजी जपतो, पण दारावर लावलेलं खोटं गोठवून ठेवणं मला जमलं नाही. तुमच्या घरातलं मूल रोज कोणत्या छपराखाली झोपतं, ते कागदावर तसंच लिहा. नाहीतर ज्याने त्याला वाढवलं, त्यालाच एक दिवस ते आपलं आहे म्हणून पुरावे शोधावे लागतात.