बुटक्यांचे ठोके

सोनं संपलं म्हणून ट्रेवीन गाव उठलं, असं लोक छातीठोक सांगतात. सांगोत बापडे! सोनं अजून आत आहे. आयडाहोच्या डोंगरातलं ते गाव ओस पडलं ते लव्हडेच्या नवऱ्यापायी. त्याच्यानंतर त्या खाणीत पाऊल टाकायची कुणाची छाती झाली नाही.

खाणीतली सगळी माणसं इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेली. खडकात वीतभर उंचीचे बुटके राहतात आणि छत कोसळायचं असलं की आतून ठोके देऊन सावध करतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. जेवणातला शेवटचा घास बुटक्यांना टाकल्याशिवाय कुणी उठत नसे.

त्या दुपारी बोगदा ढासळला आणि लव्हडेचा नवरा जॅगो एकटाच पलीकडे अडकला. दहा-बारा जण कुदळी घेऊन आत धावले. लव्हडे खाणीच्या तोंडाशी उभी राहिली. थोड्याच वेळात सगळे पळत बाहेर आले, पांढरेफटक.

"ठोके सुरू झाले, पोरी," मुकादम हॅनिबल धापा टाकत म्हणाला. "बुटके हाकलतायत आम्हाला. उरलेलं छतही येणार."

"हॅनिबलकाका, अहो तो जॅगो असेल! हातोडा आहे त्याच्याकडे!"

"हातोडा बुटक्यांकडेही असतो. जन्म गेला माझा ते ऐकण्यात."

"मग मी जाते."

"खुळी की काय! बाईचं पाऊल आत पडलं तर अख्खा डोंगर खाली येईल."

दोघांनी तिचे दंड धरले. ती चावली, लाथा झाडल्या, एकेकाचा बाप काढला. कुणी हललं नाही. भेकड नव्हती हो ती माणसं, तेच तर वाईट.

आतून ठोके येतच होते. ठक, ठक, ठक. मग थांबून पुन्हा. मधलं अंतर वाढत चाललं तशी लव्हडेने धडपड थांबवली. पुढचा ठोका ऐकायचा राहील या धास्तीने तिने श्वाससुद्धा रोखून धरला. सूर्य कड्याआड गेला आणि ठोके थांबले.

हॅनिबलने टोपी काढून कपाळ पुसलं.

"टळलं एकदाचं," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "बुटके शांत झाले. चला रे, आता बिनघोर खणा!"

जिवाच्या आकांताने खणलं त्यांनी. अंधार पडायच्या आत जॅगोला बाहेर आणून लव्हडेपुढे ठेवलं. हातोडा त्याच्या मुठीतून सुटत नव्हता. तिने तो हात हातात घेतला. अजून कोमट होता.