गार इंजिन

मिस्त्री बघायला येणार म्हणून मावशींनी पहाटेच पिकअप सुरू करून तिचं खोकणं, ठोकणं उरकून घेतलं होतं. परक्यासमोर शोभा नको. रोपवाटिकेची रोपं पोचवणारी ही एकच गाडी, आणि दीर तर म्हणून बसले होते, "इंजिनातला रॉड गेलाय, वहिनी. भंगारात घाला."

मिस्त्रीने बॉनेटवर हात ठेवला. "मावशी, हिला आधीच उठवलीत?"

"थोडीशीच."

"म्हणजे ताप उतरवून पेशंट दाखवताय. उद्या सकाळी येतो. तोवर किल्लीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या सकाळी चौथ्यांदा किल्ली फिरवल्यावर गाडीने पांढरा धूर ओकला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ठोकू लागली. मावशींनी मान खाली घातली. मिस्त्री मात्र लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून निवांत ऐकत राहिला. इंजिन तापत गेलं तसा ठोका विरत विरत नाहीसा झाला.

"रॉड गेला असता तर तापल्यावर जास्तच बडबडला असता," तो म्हणाला. मग त्याने गार इंजिनाला सुरू होताना आतून ऊब देणारे चारही हीटर प्लग बल्ब लावून तपासले. दोन मेलेले निघाले. "गारठ्यात डिझेल नीट पेटत नाही, म्हणून ही आदळआपट. इंजिन ठणठणीत आहे."

"नक्की?"

"काल झाकलंत तेच आज ऐकलं ना मी!"

तो प्लग काढायला वाकला, तोवर मावशींनी मागचा फाळका उघडून रोपं चढवायला घेतली होती.